अमांतयचा नान

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाच्या गळ्यात काही मारायचं नाही.

पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. कापशागायला घडलेली. पाण्याकाठचं ते कॅसिनोंचं गाव.

आणि हो, रात्रीची नाही. भरदुपारची. रात्रीची असती तर मीच म्हटलं असतं, बाई झोपेत घाबरली असेल...

कुल्याश माझी शेजारीण. ताल्दीकोर्गान शहरात एकाच इमारतीत आमची दारं समोरासमोर, मध्ये फक्त जिना. ती शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करते. मी घरी कपडे शिवते. माझं मशीन थांबलं की जिन्यातलं पान हललेलंसुद्धा ऐकू येतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कापशागायला मी गेले नव्हते. तिथलं सगळं कुल्याशने सांगितलं. मग तिच्या नणंदेला, बातिमाला, वेगळं गाठून विचारलं. दोघींचं जुळलं. जुळलं नसतं तर बरं झालं असतं.

आधी अमांतयचं सांगते. कुल्याशचा नवरा.

माणूस वाईट नव्हता. दारू नाही, हात उचलणं नाही. पण डोक्यात एकच किडा. महिन्या-दीड महिन्याने म्हणायचा, "गाडीचे सुटे भाग आणायला अल्माटीला जातो." अल्माटी कसली? वाटेत कापशागाय लागतं, तिथेच याची गाडी पंक्चर व्हायची. आख्ख्या इमारतीला माहीत होतं. कुल्याशलाही.

तरी प्रत्येक वेळी निघताना ती त्याला दारात थांबवायची. हातात ताजा नान द्यायची. "चाव."

आमच्यात लांब निघालेल्या माणसाला नानाचा एक चावा घ्यायला लावतात. उरलेला नान घरच्यांनी कापडात बांधून ठेवायचा. दुसऱ्या कुणी त्याला तोंड लावायचं नाही. त्या माणसाने परत येऊन स्वतः तो संपवायचा. माझी आजी म्हणायची, ज्याचं उष्टं घरात वाट बघतंय, त्याला रस्ता घरीच आणतो.

अमांतयचा चावा आंधळ्यानेही ओळखला असता. त्याचा वरचा पुढचा एक दात पडलेला. चावा घेतला की मधोमध जिभेसारखा एक तुकडा उभा राहायचा.

परत आला की तो दाराबाहेर उभा राहून गळा काढायचा. "देवाचा पाहुणा आलोय गंऽऽ! घेता का आत?"

देवाचा पाहुणा म्हणजे न बोलावता दारी आलेला. ओळखीचा असो, अनोळखी असो, त्याला नाही म्हणायचं नसतं. आधी "या, वर बसा", म्हणजे मानाच्या जागी, मग "कोण आपण?" हे आमच्या रक्तात आहे. अमांतयला ते पक्कं ठाऊक होतं. बायको चिडलेली असली तरी हे शब्द ऐकून दार उघडणारच. उघडायचीच ती. मग अर्धा तास शिव्या द्यायची आणि चहा टाकायची.

खिशात त्याच्या मेंढीच्या घोट्याची दोन हाडं असायची. पोरं खेळतात ती. नशिबाची म्हणून तो बाळगायचा. जिना चढताना खिशातल्या खिशात वाजवायचा.

टक... टक-टक.

मी मशीनवर बसल्या बसल्या म्हणायचे, आला बघ मेला.

असाच त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरात गेला तो गेलाच.

गाडी कापशागायच्या पाण्याकाठी सापडली. चावी आतच. पोलिसांनी गळ टाकले, दोन दिवस होडी फिरवली. काही नाही. कुठे उतरला होता, ते कुठल्याच हॉटेलवाल्याने सांगितलं नाही.

कुल्याश रडली नाही.

आमच्यात बायकोने मोठ्याने रडायचं असतं. शब्द लावून, नाव घेऊन. लोक ऐकायला येतात. ही बसून राहिली. बायका आपसात कुजबुजल्या, "हिच्या डोळ्यांत पाणी नाही की हिला दुःखच नाही?" मी एकीला जिन्यातच झापलं.

दुःख नव्हतं असं नाही हो. काहीच नव्हतं. एकदा तापलेल्या कढईला तिचा हात लागला. फोड आला. ती फोडाकडे बघत म्हणाली, "हे माझंच आहे का?"

दर शुक्रवारी आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने सात पुऱ्या तळतात. तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणतात. कुल्याश आईच्या नावाने तळायची, बापाच्या नावाने तळायची. अमांतयच्या नावाने नाही.

"त्याचा नान घरात आहे," एवढंच म्हणायची.

वर्ष उलटलं तसे सासरचे लोक आले. वर्षाचं जेवण घालायचं म्हणाले. नान पाखरांना घाल आणि मोकळी हो.

तिने मान हलवली. "आधी मला ते गाव बघू दे. तो कुठे झोपायचा ते बघू दे. तिथेही तो नसला, तर तिथल्याच पाण्यावरच्या पाखरांना घालीन. मग घाला जेवण."

म्हणून ती निघाली. जन्मात पहिल्यांदा कापशागायला. तो जिवंत आहे की नाही, एवढंच तिला हवं होतं. नवऱ्याची वाट बघायची की त्याच्या नावाने तेल तापवायचं... एवढंच.

सोबत बातिमा. अमांतयची धाकटी बहीण. तोंडाचा पट्टा कधी बंद नाही, पण जीव लावणारी पोरगी. आदल्या दिवशी कुल्याशच्या स्वयंपाकघरात हॉटेल ठरवायला बसलो. मीही होते, खोटं कशाला बोलू, चहाला गेले होते.

बातिमा फोनवर बोट फिरवत होती. "वहिनी, हे बघ. वीस मजले! छतावर पोहायचा तलाव."

"नोव्हेंबरात?" मी म्हटलं. "तिथे काय बदकं उतरतात?"

"तुम्ही गप्प बसा हो मावशी. बरं हे बघ. नाश्ता फुकट. हे बघ, सोन्याचे घोडे दारात."

कुल्याश फोनकडे बघतच नव्हती.

"तो कुठे उतरायचा?" तिने विचारलं.

बातिमाने फोन उलटा ठेवला.

मग ती उठली. कपाटातून काड्यापेटी आणली आणि उघडून टेबलावर ठेवली.

आत हिरव्या साबणाची चपटी झालेली वडी. नखाएवढी.

"दर वेळी त्याच्या खिशात एक असायची. 'मित्राकडची' म्हणायचा. मी वापरून टाकायचे. ही एवढीच राहिली."

बातिमाने नाकाला लावली. मग मला दिली. माळरानावर पाऊस पडून गेल्यावर दवणा चुरगळावा, तसा कडसर वास. दुकानातल्या साबणाचा नाही.

"ज्या हॉटेलात हा साबण, तिथे उतरायचं," कुल्याश म्हणाली.

"म्हणजे मी सगळ्या गावाच्या मोऱ्या हुंगत फिरू?"

"हो."

बातिमाने माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या वाडग्यात तोंड घातलं.

कापशागायला पोचल्या तेव्हा धुकं होतं. पाण्यावरून उठलेलं, जाड. मोठमोठी हॉटेलं कमरेपासून वर दिसतच नव्हती. दुपारीच सगळे दिवे लावलेले.

पहिल्या हॉटेलात बातिमा ऐटीत शिरली. कुल्याश बाहेर बाकावर, मांडीवर पिशवी, पिशवीत कापडात बांधलेला नान. थोड्या वेळाने बातिमा हात झाडत आली.

"भिंतीला बाटली. नारळाचा वास. चल."

दुसरीकडे खरबुजाचा वास. तिसरीकडे रखवालदाराने अडवलं.

"ओ ताई, खोली हवीय की मोरी?"

"मोरी चांगली असेल तर खोली घेऊ ना. आमच्यात सून बघायला गेलो तरी आधी मोरी बघतात!"

तो हसला आणि बाजूला झाला. तिथेही बाटलीच निघाली.

चौथं, पाचवं... बातिमाचे हात धुऊन धुऊन सोलवटले. "वहिनी, आता मला कुणी जेवायला वाढलं तरी हात धुणार नाही, सांगून ठेवते."

कुल्याशला हसू आलं नाही. भूकही नव्हती, थंडीही नाही. पाय चालत होते, ती त्यांच्या मागे.

रस्ता संपतो तिथे, पाण्याच्या अगदी कडेला, एक जुनं हॉटेल होतं. पाटी विझलेली. कॅसिनो शेजारी, हे नुसतं झोपायचं. बातिमा आत गेली.

आणि आलीच नाही.

बऱ्याच वेळाने कुल्याश स्वतः उठून आत शिरली. खालच्या मोरीत बातिमा बेसिनसमोर उभी होती. हात ओले. तोंड बंद. बातिमाचं तोंड बंद म्हणजे विचार करा.

पांढऱ्या बशीत हिरवी गोल वडी. नवीकोरी.

कुल्याशने वास घेतला.

तोच.

"खोली घे," ती म्हणाली.

काउंटरवर एक पोरगी नखं रंगवत होती. बातिमाने अमांतयचा फोटो दाखवला. पोरीने नीट बघितला, खरंच नीट बघितला. "नाही हो ताई. मी दोन महिन्यांपूर्वीच लागलेय. शेजारी कॅसिनोत विचारा, तिथे जुनी माणसं आहेत."

खोली वरच्या मजल्यावर. दोन पलंग, टेबल, खुर्ची. खिडकी पाण्याकडे, पण खिडकीत नुसतं पांढरं. घड्याळ कुठेच नाही. त्या गावात कुणी घड्याळ लावत नाही म्हणे.

"मी फोटो घेऊन शेजारी जाऊन येते," बातिमा म्हणाली. "तू पड जरा. दार लावून घे."

ती गेली.

कुल्याशने कापडाची गाठ सोडली नाही. तसंच बोचकं टेबलावर ठेवलं. मग पलंगावर बसली. चादरीवरून हात फिरवला. कदाचित इथेच झोपत असेल तो, तिच्या मनात आलं. तिने वाट बघितली, आता काहीतरी होईल. छातीत कळ येईल, रडू फुटेल.

काही झालं नाही.

बाहेर गाडी नाही, माणूस नाही. नळाचा थेंबही नाही.

आणि मग खोलीबाहेरच्या बोळात...

टक.

तिने मान वर केली.

टक... टक-टक.

सावकाश. कुणीतरी चालता चालता खिशात वाजवावं तसं.

पायांचा आवाज नव्हता. खाली जाड गालिचा, ठीक आहे, पाय ऐकू येणार नाहीत, तिने स्वतःला सांगितलं.

टक-टक.

दाराशी आलं.

थांबलं.

मग दारावर बोटाने हलकेच... आणि अगदी हळू आवाज.

"देवाचा पाहुणा आहे."

कुल्याशच्या तोंडून शब्द निघून गेले. विचारून नाही, ठरवून नाही. आईने शिकवलेले, आजीने आईला शिकवलेले.

"या. वर बसा."

मग ती धावली. दार ओढलं.

कुणी नव्हतं.

या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता गालिचा. सगळी दारं बंद.

"अमांतय?"

तिने दार उघडंच ठेवलं. पाहुण्याला या म्हटल्यावर दार लावत नाहीत. आणि आमच्या रीतीनेच खोलीतल्या मोरीत गेली, पाहुण्याच्या हातावर घालायला पाणी आणायला. का गेली, तिलाही सांगता येत नाही. "हातच गेले," म्हणते.

तांब्यात पाणी भरून बाहेर आली.

खुर्ची टेबलापासून ओढलेली होती.

कापडाची गाठ सुटलेली होती. नान उघडा. आणि त्यावर... नवा चावा.

तांब्या तिच्या हातातून पडला. ती सांगते, त्या क्षणी तिच्या छातीत ऊन पडलं. वर्षभरात पहिल्यांदा. आला! खाल्लं त्याने! तिच्या घशात हुंदका आला, अगदी इथपर्यंत आला.

तिने नान उचलून खिडकीशी नेला.

एका बाजूला अमांतयचा जुना चावा. मधोमध ती जिभेसारखी पट्टी.

त्याला लागूनच दुसरा. बारीक दात. एकसारखे, ओळीने.

एकही दात पडलेला नाही.

वर्षाचा वाळलेला नान होता हो तो. वीट नुसती. आणि हा चावा असा, की लोण्यात दात रुतवावेत.

हुंदका जिथे होता तिथेच राहिला. अजून तिथेच आहे, ती म्हणते.

मग तिला आठवलं. अमांतय म्हणायचा, "देवाचा पाहुणा *आलोय*." गाऊन, लांबवून, थट्टेत. त्या तोंडून दुसरं काही कधी निघालंच नाही.

हा म्हणाला होता, "देवाचा पाहुणा *आहे*."

तिने खुर्चीवर हात ठेवला.

गरम होती.

आणि तिच्या मागे, उघड्या दाराच्या बाहेर नाही... खोलीच्या आत...

टक.

बातिमा आली तेव्हा कुल्याश खिडकीशी उभी. जमिनीवर पाणी.

"वहिनी? कोणाशी बोलत होतीस?"

"मी?"

"बोळातून ऐकू येत होतं. तू आणि कुणीतरी. मला वाटलं, फोन लावलायस. हळू हळू बोलत होतात दोघं. अगदी घरच्यासारखं."

कुल्याशचा फोन पिशवीत होता. बंद.

ती बोललीच नव्हती.

तिने नान पुढे केला. बातिमाने बघितला, आणि तिची पाचावर धारण बसली. दुसरा शब्द नाही. बोचकं, पिशवी, कोट, दोघी जिन्याने खाली.

काउंटरवरची पोरगी म्हणाली, "काय झालं? खोली आवडली नाही?"

बातिमाला काहीतरी बोलायचं होतं म्हणून ती बोलली. "तुमचा तो साबण... हिरवी वडी... कुठून आणता?"

"वडी?" पोरगी हसली. "आमच्याकडे वड्या नसतात हो. भिंतीला बाटल्या आहेत."

बातिमाने मोरीचं दार ढकलून बघितलं.

भिंतीला बाटली. बेसिनवर बशी नाही, वडी नाही.

तिने स्वतःचे हात नाकाशी नेले. दवण्याचा वास येत होता. तिला विचारा, तेव्हापासून कितीतरी दिवस येत होता.

बाहेर पाण्याकाठी धुक्यात पाखरं ओरडत होती. दिसत नव्हती.

"टाक तो, वहिनी!" बातिमा ओरडली. "टाक पाण्यात! यासाठीच आणलास ना?"

कुल्याश नान हातात धरून उभी राहिली.

"यात त्याचाही चावा आहे," ती म्हणाली.

"अगं, पण त्या दुसऱ्याचाही आहे!"

"ते कळतंय गं मला."

तिने मधोमध तोडायचा प्रयत्न केला. गुडघ्यावर आपटला. दगडावर आपटला. तुटेना. दोन चाव्यांमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती. टाकला तर अमांतयचा रस्ता पुसला. ठेवला तर... ज्याने खाल्लं त्यालाही रस्ता मिळाला.

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

तिने तो कापडात बांधला आणि घरी आणला.

इथपर्यंतचं ऐकलेलं. आता पुढचं माझ्या स्वतःच्या कानांनी.

त्या आठवड्यापासून दुपारी मी मशीन थांबवलं की जिन्यात आवाज यायचा. रोज नाही. मधूनच.

टक... टक-टक.

पहिल्यांदा माझ्या तोंडून सवयीने निघालं, आला बघ मेला. मग हातातली सुई तशीच राहिली.

समोरचं दार वाजायचं. आत कुल्याशचा आवाज, "या. वर बसा." दार उघडायचं. लागायचं.

मी माझ्या दारातल्या भोकाला डोळा लावून बघायचे. उघडणारी कुल्याश दिसायची. आत शिरणारं कुणी नाही.

एकदा न राहवून मी तिच्याकडे गेले. टेबलावर चहाचे दोन वाडगे. एक तिच्यापुढे, एक वरच्या मानाच्या जागी. त्यातूनही वाफ येत होती.

"कोण असतं गं?" मी हळूच विचारलं.

"माहीत नाही."

"मग हाकलून दे ना! जा म्हण."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेडी. "पाहुण्याला जा म्हणतात का कधी?"

खरं होतं. मीही म्हणू शकले नसते.

"भीती नाही वाटत?"

तिने विचार केला. खरंच विचार केला. "नाही. काहीच वाटत नाही. एवढंच वाटतं, की हा आत आहे तोवर अमांतय कसा येईल? पाहुण्याची जागा एकच असते."

नान तिने कपाटात ठेवला होता. मला दाखवला. बारीक दातांचे चावे आता चारी बाजूंनी होते. अमांतयच्या चाव्याजवळची ती जिभेसारखी पट्टी तेवढी शाबूत.

फेब्रुवारीतली दुपार. बाहेर कडाक्याची थंडी, जिन्याच्या खिडकीवर आतून बर्फ धरलेला. मी एका लग्नाच्या झग्याला अस्तर लावत होते. पाहुणा आलेला होता. ऐकला होता मी.

मशीन थांबवून दोरा ओवत होते...

आणि जिन्यात पाय वाजले.

टकटक नाही. पाय. जड, दमलेले. पायरीपायरीला थांबणारे. ओल्या बुटांत पाणी साचल्यावर होतो तसा पचक... पचक.

समोरच्या दाराशी थांबले.

"कुल्याश."

देवा! देवाचा पाहुणा नाही, थट्टा नाही, गाणं नाही. घोगरा, थकलेला, पण तोच. इतकी वर्षं ऐकलेला आवाज मी विसरेन का?

"कुल्याश, दार उघड गं. मीच आहे."

आत खुर्ची सरकली. कुल्याश उठली असणार.

आणि तिच्याआधी दुसरंच कुणीतरी बोललं. आतून. हळू, गोड, फार अदबीने.

"घरात पाहुणे आहेत. नंतर या."



मी धावले, भोकाला डोळा लावला. कुणी दिसलं नाही. पण ते जड पाय खाली जाताना ऐकले. एकेक पायरी. पचक... पचक... मग खालचं दार, मग काही नाही.

समोरचं दार उघडलं. कुल्याश बाहेर आली. मीही उघडलं. दोघी जिन्यात.

पायऱ्यांवर ओले ठसे होते. सगळ्या बुटांची टोकं खालच्या बाजूला. वर येणारा एकही नाही.

"तू ऐकलंस?" तिने विचारलं.

"ऐकलं."

"त्याचाच होता?"

काय बोलू? "हो गं. त्याचाच."

तिने मान डोलावली. "म्हणजे आला होता."

"आला होता."

ती ठशांकडे बघत राहिली, ते वाळेपर्यंत. मी तिचा हात धरला. थंडगार. मी म्हटलं, "रड गं. माझ्यासमोर रड. मी कुणाला सांगणार नाही."

"येत नाही," ती म्हणाली. आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी कापड रिकामं होतं. एक कणही उरला नव्हता.

त्या शुक्रवारी सकाळी जिन्यात तळणीचा वास पसरला. तेल चांगलं कडकडीत तापलेलं. मी मशीन थांबवून बसून राहिले. मला कळलं होतं.

थोड्या वेळाने कुल्याश ताटली घेऊन आली. तळलेल्या पुऱ्या, गरम.

"घे. अमांतयच्या नावाच्या."

मी घेतली. मीच रडले, तिच्या वाटचं. "अगं, पण का? आला होता ना तो!"

"स्वतःच्या दारातून परत गेलेला माणूस पुन्हा येत नाही," ती म्हणाली. आवाजात काही नाही. पाणी उकळलंय सांगावं तसं.

ताटलीत पुऱ्या सहाच होत्या. तिने माझी नजर बघितली आणि मान वळवून स्वतःच्या उघड्या दाराकडे बघितलं.

"एक त्याने खाल्ली," म्हणाली. "आवडली त्याला."

सासरच्यांनी वर्षाचं जेवण घातलं. मी वाढायला होते. बातिमाने कशाला हात लावला नाही, एका कोपऱ्यात हात हुंगत बसली होती.

मी आता दार वाजलं की आधी "कोण?" विचारते. आमच्यात हे तोंड दाखवायला जागा राहणार नाही असं वागणं. माझे आजोबा असते तर थोबाडीत दिली असती.

परवा दुपारी माझं दार वाजलं. बोटाने, हलकेच.

"कोण?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही. मी उघडलं नाही.

तो गेलाय की तिथेच उभा आहे, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.